बेहालाच्या मैदानावरच्या सुमतीताई

सुमती खांबेट्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "पाणी खाणार?"

दक्षिण कलकत्त्यातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत ही आमची पहिली भेट. मी नागपूरहून बदली होऊन नुकताच आलो होतो, केंद्र सरकारच्या एका कचेरीत. ओळखदेख कुणाची नाही. मंडपाच्या कडेला उभा होतो, तर ह्या समोर. चाळिशीच्या, उंच, काटक. बंगाली धाटणीची सुती साडी आणि चष्मा पडू नये म्हणून काड्यांना मागून बांधलेली काळी नाडी. मी नुसता बघत राहिलो. त्यांना चूक कळली आणि त्या स्वतःच हसल्या.

"पिणार. पिणार म्हणतात, नाही का? बंगालीत पाणी खातात हो. वडील होते तोवर सुधारायचे. आता कोण सुधारणार?"

वडील साताऱ्याकडचे डॉक्टर. तरुणपणी कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. सुमतीताईंचा जन्म इथला, शिक्षण इथलं, आणि आता मुलींच्या एका शाळेत त्या भूगोल शिकवीत. लग्न केलं नव्हतं. मराठी बोलत ती अगदी आपल्यासारखी, पण लिंगाशी त्यांचं कायमचं भांडण. त्यांचा वारा 'यायची' आणि हवा 'सुटायचा'. बंगालीत ही भानगडच नाही, त्यामुळे बोलण्याच्या भरात सगळं एक व्हायचं.

"रविवारी काय करता?" त्यांनी विचारलं.

"विशेष काही नाही."

"मग बेहालाला या. मी उडते."

मला वाटलं, हेही बंगालीतून मराठीत आलेलं काहीतरी असेल.

पण त्या खरोखरच उडत होत्या. बेहालाला शहराच्या कडेला एक मोठं गवताळ मैदान होतं, आणि तिथे इंजिन नसलेली विमानं, म्हणजे ग्लायडर, उडवणारा एक क्लब होता. पत्र्याची एक शेड, दोन ग्लायडर आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक विंच, म्हणजे मोटारीच्या जुन्या इंजिनावर चालणारा मोठा रहाट. त्यावर लांबलचक तार गुंडाळलेली. तारेचं टोक ग्लायडरच्या पोटाला अडकवायचं, विंच सुरू करायचा, तार वेगाने ओढली गेली की ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं. पुरेशी उंची आली की वैमानिकाने तार सोडून द्यायची. पुढे तुम्ही आणि वारा. वर जाणारी गरम हवा सापडली तर घारीसारखं फिरत राहायचं, नाही सापडली तर चार मिनिटांत पुन्हा गवतावर.

सत्तरच्या आसपासची वर्षं होती. शहरात कधी बंद, कधी बॉम्ब, कधी गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी. लोक दिवस मावळायच्या आत घर गाठत. बेहालाच्या मैदानावर मात्र रविवारी सकाळी हे सगळं फाटकाबाहेर राहायचं. भीती आतही होतीच, पण ती वेगळ्या जातीची.

सुमतीताई तिथे शिक्षिका होत्या. ट्रामने, मग बसने साडी नेसून यायच्या आणि शेडमध्ये जाऊन ढगळ पॅंट आणि वडिलांचा जुना शर्ट घालून बाहेर पडायच्या. त्यानंतर पहिलं काम म्हणजे अख्खं मैदान चालत फिरणं. कुठे गाय बांधली आहे, कुठे पावसाने खड्डा पडला आहे, कुठे कुणी विटा टाकल्या आहेत, सगळं बघत. नव्या विद्यार्थ्याने बरोबर चालायचं, हा नियम. कुणी कुरकुरलं तर म्हणायच्या, "वरून जमीन सपाट दिसते. दिसते."

कौतुक करणं त्यांना जमत नसे. उत्तम उतरलात तर "चालेल," आणि वाईट उतरलात तर "परत." ज्याला "चालेल" मिळे तो त्या दिवशी सगळ्यांना चहा आणि शिंगाडे, म्हणजे तिकडचे समोसे, खाऊ घालायचा. एकच गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत, "उंची आहे तोवर विचार करा. उंची संपली की फक्त करायचं." हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. समजलं एकदाच.

शिकायला लागून दोन-तीन महिने झाले होते. दोन आसनी ग्लायडरमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. ग्लायडर चालवायचा दांडा माझ्या हातात, त्यांचे दोन्ही हात मांडीवर. विंचने ओढलं, नाक आभाळाकडे, पाठ आसनात रुतलेली. आणि एकदम धक्का बसला. ओढ संपली. वाऱ्याचा आवाज पडत पडत नाहीसा व्हायला लागला. जमीन फारच जवळ होती.

"तार तुटली," सुमतीताई म्हणाल्या. घरात दूध संपलं हे सांगावं तशा सुरात.

मी त्यांच्याकडे बघितलं. हात मांडीवरच होते. ह्या काही करणार नाहीत हे त्या क्षणी कळलं. मी दांडा पुढे ढकलला. नाक खाली गेलं, समोर नुसतं गवत दिसायला लागलं, वेग आला, वाऱ्याचा आवाज परत आला. मग सरळ समोर, कसंबसं, दोन उड्या मारत आम्ही टेकलो.

थांबल्यावर माझं लक्ष गेलं. तार सोडायची पिवळी मूठ त्यांच्या बाजूने ओढलेली होती. तार तुटली नव्हती. ह्यांनीच सोडली होती.

"निदान सांगायचं तरी!" मी ओरडलोच.

"तार सांगून तुटते का?"

मी खाली उतरून पाठ फिरवून उभा राहिलो. थोड्या वेळाने त्या शेजारी येऊन म्हणाल्या, "हात मांडीवर ठेवले होते ते तुम्हाला दिसावेत म्हणून. आतमध्ये माझं काय होत होतं ते दिसलं नाही, ते बरं." त्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिंब झाली होती. जानेवारीचा महिना होता.

नाही म्हणायची त्यांची पद्धतही त्यांचीच होती. एकदा एका मोठ्या कंपनीचे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. ते परदेशात ग्लायडर उडवून आले होते आणि क्लबात त्यांचं वजन होतं. दुपारच्या जेवणाबरोबर बिअर झाली होती, हे चार हातांवरून कळत होतं. सुमतीताई म्हणाल्या, "आज नाही." साहेब भडकले. क्लबचे चिटणीस मित्रबाबू, निवृत्त इंजिनिअर, स्वतः जुने ग्लायडरवाले आणि भला माणूस, मध्ये पडून दोघांना समजावू लागले. सुमतीताईंनी वाद घातला नाही. त्या शांतपणे जाऊन ग्लायडरमध्ये बसल्या, काचेचं झाकण आतून लावून घेतलं आणि वैशाखातल्या उन्हात त्या काचेखाली बसून राहिल्या. साहेब बाहेरून काय काय बोलले ते त्यांना ऐकूही गेलं नसेल. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर त्या बाहेर आल्या. चेहरा लालबुंद. म्हणाल्या, "पाणी खाते जरा."

अशा बाईच्या हातून चूक होईल असं आम्हाला कुणालाच वाटलं नसतं.

तपन हा त्यांचा विद्यार्थी. विशीचा, हावड्याच्या एका कारखान्यात शिकाऊ कामगार, पहाटेच्या फेरीबोटीने हुगळी ओलांडून यायचा. हात चांगला होता, पण सुमतीताई त्याला सोलो, म्हणजे एकट्याने पहिलं उड्डाण, करू देत नव्हत्या. "अजून तो खाली बघत नाही," असं त्यांचं म्हणणं. वर गेला की पोरगं हरखून जायचं. त्याच्या मागून आलेल्यांचे सोलो झाले. त्याने तक्रार केली नाही, पण दर रविवारी संध्याकाळी ग्लायडर शेडमध्ये ढकलताना त्याचा चेहरा बघवत नसे. मित्रबाबूही म्हणाले होते, "दीदी, पोरगं खचेल."

चैत्र संपता संपताचा तो रविवार. सकाळपासून तपन फार छान उडत होता. दुपारी दोघे एकत्र उतरले. सुमतीताई खाली उतरल्या, वायव्येकडे बघितलं, मग तपनकडे बघितलं. तो आत बसून हातमोजा काढत होता. आज पुरे असंच ऐकायला मिळणार, हे तो धरून चालला होता.

"एकटा जा," त्या म्हणाल्या. "एक फेरी. लगेच खाली."

आम्ही टाळ्या वाजवल्या. तपन एक आसनी ग्लायडरमध्ये बसला, तार ताणली गेली आणि तो सुरेख वर चढला.

खाली आला नाही.

वर गरम हवेचा जबरदस्त प्रवाह होता. तपन त्यात सापडला आणि गोल गोल फिरत वर जाऊ लागला. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग विंचवरचा जोगेन धावत आला आणि त्याने नुसतं बोट दाखवलं. वायव्येला दुपारी जी काळी रेघ होती तिची भिंत झाली होती. कालबैशाखी. चैत्र-वैशाखात दुपारनंतर येणारं बंगालातलं ते वादळ. आत्ता वारा दक्षिणेकडून होता. वादळ येईल तेव्हा तो क्षणात उलटा फिरणार आणि जे लाकडाचं-कापडाचं हलकं यंत्र हवेत असेल त्याचे तुकडे होणार. त्या वेळी ग्लायडरमध्ये रेडिओ नव्हता. तपनला ओरडून सांगायचं तरी कसं?

परत बोलवायची खूण म्हणून आम्ही गवतावर लाल कापड पसरलं. तपन फिरत राहिला. ठिपका लहान होत गेला.

सुमतीताई दोन आसनी ग्लायडरकडे गेल्या आणि आत बसून पट्टे आवळायला लागल्या.

"दीदी, जाबेन ना!" जोगेन हात जोडून म्हणाला. जाऊ नका.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"वजन नको. तुम्ही टी सांभाळा." ग्लायडर नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरवायचं; ती दिशा वरच्याला कळावी म्हणून मैदानात पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या टी अक्षरासारख्या मांडलेल्या असत. "वारा फिरली की उलटा करा. आधी नाही. आधी केलात तर आम्ही पाठीवर वारा घेऊन उतरू. उशीर केलात तरी तेच." आणि जोगेनला बंगालीत म्हणाल्या, "तू ओढत नसशील तर मी मित्रबाबूंना विंचवर बसवते. त्यांना नीट येत नाही."

जोगेन डोळे पुसत विंचकडे धावला.

त्या वर गेल्या. तार सुटली. त्याच प्रवाहात शिरून चढू लागल्या. आम्ही माना वर करून बघत होतो. शेवटी दोन ठिपके जवळ आले. नंतर तपननेच सांगितलं, की त्याला वाटलं दीदी त्याचा सोलो बघायला आल्या. त्याने हात हलवला. सुमतीताईंनी पंखांवरचे ब्रेक, म्हणजे उंची झटकन कमी करणाऱ्या फळ्या, उघडले आणि खाली निघाल्या. तपन वरच. त्या पुन्हा चढल्या. ह्या वेळी त्याच्या इतक्या समोरून गेल्या की खाली मित्रबाबूंनी डोळे मिटून घेतले. ब्रेक पुन्हा उघडले, पंख डोलावले. तेव्हा तपनने पहिल्यांदा मान वळवून वायव्येकडे बघितलं.

आता दोघे खाली येत होते. त्या पुढे, तो मागे.

आणि वारा पडला. अगदी मेला. मैदानावरचे कावळे गप्प झाले. मी टी शेजारी गुडघ्यांवर बसलेलो, मुठीत कापड, आणि गवताचं एक पातं हलेना. दक्षिणेकडून काही नाही, वायव्येकडून काही नाही. वर दोन्ही ग्लायडर मैदानाच्या कडेने शेवटच्या वळणाकडे निघाली होती. आता फिरवू? की थांबू? मी मित्रबाबूंकडे बघितलं. ते मैदानापलीकडे बघत होते.

"धूर!" ते एकदम किंचाळले. "धूर बघा!"

मैदानापलीकडे वायव्येला एका कारखान्याचं धुराडं होतं. त्याचा धूर आतापर्यंत सरळ वर जात होता. तो कुणीतरी ढकलावा तसा आमच्याकडे आडवा झाला. आम्ही दोघांनी पट्ट्या ओढल्या, उलट्या टाकल्या, कडांवर विटा ठेवल्या. वर सुमतीताईंचं ग्लायडर क्षणभर तसंच पुढे जात राहिलं, आणि मग वळलं. वायव्येकडे तोंड. तपनचंही वळलं.

तपनला जागा मिळावी म्हणून सुमतीताई आमच्या डोक्यावरून पार पलीकडच्या टोकाला जाऊन उतरल्या. तपन आमच्याजवळ टेकला. चाक थांबायच्या आतच वादळ आदळलं. पंख उचलला गेला तसे आम्ही चौघेजण त्यावर अक्षरशः आडवे पडलो. तोंडात माती, मग पाऊस, मग गारा. तपन आत बसून "दीदी कुठे, दीदी कुठे" म्हणून रडत होता. दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. आम्ही पंख सोडला असता तर ग्लायडर त्याच्यासकट उलटलं असतं, त्यामुळे कुणालाच तिकडे जाता येईना.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाऊस विरळ झाल्यावर पलीकडचं ग्लायडर दिसलं. उभं होतं. सुमतीताई आतच होत्या. त्यांच्या पंखावर आडवं पडायला कुणी नव्हतं, म्हणून ब्रेक उघडे ठेवून, दांडा पुढे दाबून, वाऱ्याच्या तोंडावर त्या ते एकट्याने धरून बसल्या होत्या. झाकणाची काच गारांनी फुटली होती. कपाळावरून रक्ताची बारीक रेघ.

"सोडा, ताई. संपलं," मी म्हणालो.

"सुटत नाहीत," त्या म्हणाल्या.

बोटं दांड्यावर आवळून बसली होती. मी एकेक करून ती उघडली. त्या माझ्याकडे नव्हे, समोर बघत होत्या. "दुपारी ती रेघ होती," त्या म्हणाल्या. "मी बघितली होती."

पुढच्या रविवारी शेडमध्ये सगळे जमले. मित्रबाबूंनी हार आणला होता. दोन्ही ग्लायडर वाचली, मुलगा वाचला. सुमतीताईंनी हार हातात घेऊन बाकावर ठेवला आणि वर्गात उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या. बंगालीत बोलल्या, पण मला ते मराठीतच आठवतं.

"इतकी वर्षं मी आकाश बघून ठरवलं. त्या दिवशी मुलाचा चेहरा बघून ठरवलं. वादळाला अजून तासभर आहे असं स्वतःला सांगितलं. आजपासून मी शिकवीन. पण एकट्याने कुणाला पाठवायचं, ते मी ठरवणार नाही."

तपन उठून उभा राहिला. "दीदी, चूक माझी. मी खाली बघायला हवं होतं."

"हो, हवं होतंस," त्या म्हणाल्या. "पण तू शिकत होतास. मी शिकवत होते."

कुणी कितीही विनवलं तरी त्या बदलल्या नाहीत. शिकवत राहिल्या, मैदान चालत राहिल्या. विद्यार्थी तयार झाला की म्हणायच्या, "मित्रबाबूंना विचार," आणि शेडमध्ये निघून जायच्या. माझा सोलोही मित्रबाबूंनीच दिला. उतरलो तेव्हा शेडच्या दारातून आवाज आला, "चालेल." माझं मन भरून आलं, पण त्यांचं आलं नव्हतं, हे दिसत होतं. कुणी एकटा वर असला की त्या आत बसून काहीतरी पुसत असायच्या. बाहेर बघायच्या नाहीत.

दोन हिवाळे गेले. माझी भोपाळला बदली झाली. संध्याकाळी हावड्याहून गाडी होती, म्हणून सकाळी निरोप घ्यायला बेहालाला गेलो. धुकं नुकतंच उठत होतं. रेबा नावाची मुलगी, सुमतीताईंच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी, ग्लायडरजवळ उभी होती. तिची तयारी केव्हाच झाली होती.

मित्रबाबू म्हणाले, "दीदी, आज माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही. मी काही सांगू शकत नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मुलगी घरी जाईल."

त्यांचे डोळे ठणठणीत होते. पाच मिनिटांपूर्वीच त्यांनी माझ्या तिकिटावरचा डब्याचा आकडा वाचून दाखवला होता.

सुमतीताईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. रागावल्या असाव्यात. मग एकट्याच मैदान चालायला गेल्या. सबंध. परत आल्यावर चारही दिशांना मान फिरवून आकाश बघितलं. एकदा. पुन्हा एकदा. रेबाकडे मात्र बघितलं नाही. शेवटी तिच्याजवळ गेल्या.

"घाबरली आहेस?"

"हो, दीदी."

"मीही," त्या म्हणाल्या, आणि तिचे पट्टे आवळून काचेचं झाकण लावलं.

तार ताणली गेली. ग्लायडर वर गेलं. सुमतीताई शेडकडे वळल्या नाहीत. होत्या तिथेच उभ्या राहिल्या. मी जवळ जाऊन "येतो, ताई" म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण ती मला उद्देशून होती की नाही कोण जाणे. त्या वेळी त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

बस फाटकाशी येऊन थांबलेली होती. पायरीवर पाय ठेवून मी मागे बघितलं. ग्लायडर शेवटचं वळण घेऊन मैदानावर येत होतं. सरळ, संथ, दोन्ही पंख समतोल. ते अजून गवताला टेकलं नव्हतं. आणि सुमतीताई, कुणाचीही वाट न बघता, ते जिथे थांबणार होतं त्या जागेकडे एखाद्या शाळकरी मुलीसारख्या धावत सुटल्या होत्या.